ओलं किती वेळ राहिलं? जंतुनाशकांविषयी वाचकांचे प्रश्न

बुरशी आणि जिवाणूंवर कोणतं रसायन किती चालतं, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत. रसायनाचं नाव प्रत्येक पत्रात होतं. ते किती टक्क्यांचं होतं आणि लावल्यावर किती मिनिटं ओलं राहिलं, हे मात्र जवळपास कुणीच लिहिलेलं नाही. उत्तरांचा निम्मा भाग त्याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

प्रश्न : बाटलीवर ‘99.9 टक्के जंतू मारतं’ असं छापलेलं असतं. मग सकाळी पुसलेला ओटा संध्याकाळी पुन्हा कुबट का वाटतो? आणि बुरशीही त्या 99.9 मध्ये धरलेली असते का?

उत्तर : मेले किती ते सोडा, उरले किती ते बघा. एखाद्या ओलसर सांध्यात 10 लाख जिवाणू असले तर 99.9 टक्के मेल्यावर 1,000 उरतात. ओल, ऊब आणि पोषण मिळालं तर ई. कोलायसारखा जिवाणू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. हजाराची दहा वेळा दुप्पट केली की 10 लाख 24 हजार होतात. म्हणजे तीन तास वीस मिनिटांत गाडी मूळ पदावर. ओट्यावर जिवाणूंची एवढी चंगळ नसते, त्यामुळे प्रत्यक्षातला वेग कमी असतो. पण ओला ठेवलेला ओटा आणि कोरडा केलेला ओटा यांत फरक का पडतो हे या हिशेबावरून कळतं. शेवटचा हात कोरड्या फडक्याचा हवा.

या क्षेत्रातले लोक टक्क्यांऐवजी ‘लॉग’मध्ये बोलतात. एक लॉग म्हणजे संख्या दहाव्या हिश्श्यावर येणं. 99.9 टक्के म्हणजे 3 लॉग, 99.999 टक्के म्हणजे 5 लॉग. ऐकायला किरकोळ फरक वाटतो, पण 10 लाखांतले पहिल्यात 1,000 वाचतात आणि दुसऱ्यात 10.

बुरशीचं म्हणाल, तर तो दावा वेगळाच असतो. युरोपात वापरल्या जाणाऱ्या ईएन 1276 या चाचणीत चार जिवाणू घेतात (स्टॅफिलोकोकस ऑरियस, एन्टरोकोकस हिरे, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा) आणि 5 मिनिटांत 5 लॉग घट मागतात. बुरशीसाठीच्या ईएन 1650 मध्ये मुदत 15 मिनिटांची असते आणि अपेक्षा 4 लॉगची. वेळ तिप्पट देऊनही अपेक्षा दहापट कमी, यावरूनच बुरशीचे बीजाणू किती चिवट असतात ते लक्षात यावं. त्यातही मेख आहे. फक्त कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टवर कसोटीला उतरलेलं रसायन ‘यीस्टनाशक’ ठरतं. अ‍ॅस्परजिलस ब्रासिलिएन्सिस या काळ्या बुरशीच्या बीजाणूंवरही उतरलं तरच ‘बुरशीनाशक’ म्हणता येतं. एकाच बाटलीवर जिवाणूंसाठी एक प्रमाण आणि एक वेळ, बुरशीसाठी त्याहून जास्त प्रमाण आणि जास्त वेळ दिलेला असू शकतो. मोठ्या अक्षरांतली ओळ पहिल्याची असते, बारीक अक्षरांत दुसऱ्याची. भिंग लागलं तरी दुसरी वाचा.

प्रश्न : न्हाणीघराच्या भिंतीवर काळे ठिपके पडतात. ब्लीच मारलं की भिंत पांढरी होते, पण दोन-तीन आठवड्यांत ठिपके पुन्हा त्याच जागी येतात. ब्लीच कमी पडतं का? (या प्रश्नाची पत्रं सर्वांत जास्त आली.)

उत्तर : ब्लीच बहुधा कमी पडत नाही, ते चुकीच्या जागी पडतं. भिंत पांढरी झाली याचा अर्थ रंग उडाला, एवढाच. बुरशीच्या बीजाणूंमधलं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटने विरंजित होतं. बुरशी मेली की नाही हे रंगावरून कळत नाही.

गिलावा, सिमेंट, लाकूड, जिप्सम बोर्ड या सगळ्या सच्छिद्र गोष्टी. बुरशीचे धागे त्यांच्या आत काही मिलिमीटर उतरलेले असतात. हायपोक्लोराइट फार घाईचं रसायन आहे. समोर जे सेंद्रिय येईल त्याच्याशी ते लगेच भिडतं आणि संपतं. वरचा चुना-रंग, साबणाचा थर, मेलेले धागे यांच्यातच त्याची शक्ती खर्च होते. आत झिरपतं ते बहुतांशी पाणी. म्हणजे आतल्या धाग्यांना आपण वरून पाणी घालतो आणि समाधान मानतो.

तेव्हा क्रम असा ठेवा.

आधी ओल कुठून येते ते शोधा. डाग असलेल्या जागेजवळ हातभर आकाराचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतंय: गळका पाइप, बाहेरची तडा गेलेली भिंत, वरच्या मजल्याची गळती. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. पहिल्या परिस्थितीत गवंडी किंवा प्लंबर, दुसरीत पंखा आणि खिडकी. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली की बहुतेक बुरशींची वाढ खुंटते. साधं आर्द्रतामापक यंत्र भिंतीवर टांगलं तर अंदाजावर राहावं लागत नाही.

मग साफसफाई. कोरड्या ब्रशने कधीही खरवडू नका. बीजाणू हवेत उडून दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसतात, आणि आपल्या छातीतही. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला एन-95 मास्क. दार बंद, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी. डाग आधी पाण्याने भिजवा, मग डिटर्जंटच्या पाण्याने घासा आणि मळ पुसून काढा. निम्म्याहून अधिक काम इथेच होतं, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

आता रसायन. टाइल, काच, चिनीमाती अशा न शोषणाऱ्या जागेवर 0.5 टक्के हायपोक्लोराइट लावा आणि 10 मिनिटं ओलं राहील असं बघा. उभ्या भिंतीवरून द्रावण दोन मिनिटांत ओघळून जातं, म्हणून पुन्हा लावत राहावं लागतं. टाइलच्या सांध्यांसाठी कागदी नॅपकिनच्या पट्ट्या वळून द्रावणात भिजवाव्यात आणि सांध्यावर दाबून बसवाव्यात. त्या ओल धरून ठेवतात. नंतर पाण्याने धुऊन कोरडं करा.

सिलिकॉनच्या पट्टीत आतून काळं झालं असेल तर तिथे रसायनाची मेहनत वाया जाते. ब्लेडने पट्टी कापून काढा, खालची जागा साफ करून पूर्ण वाळू द्या आणि नवी भरा. जिप्सम बोर्ड किंवा छताचं तक्तपोश आतून बुरसटलं असेल तर तेवढा तुकडा कापून टाकणं हाच उपाय. मेलेल्या बुरशीनेही शिंका आणि दमा होतो, म्हणून ‘मारून जागच्या जागी ठेवणं’ हे अर्धंच काम.

रंग सर्वांत शेवटी, भिंत खणखणीत वाळल्यावर. ओल्या भिंतीवर बुरशीरोधक रंग लावला की तो फुगून सुटतो, आणि मग रंग वाईट म्हणून ओरड होते.

प्रश्न : ब्लीच पातळ करण्याचं नेमकं प्रमाण काय? कुणी एक झाकण म्हणतं, कुणी एक कप.

उत्तर : झाकणाला काही अर्थ नाही, कारण बाटली किती टक्क्यांची यावर सगळं अवलंबून आहे. सूत्र सोपं आहे. बाटलीतल्या टक्क्यांना हव्या असलेल्या टक्क्यांनी भागा आणि एक वजा करा; एक भाग ब्लीचमागे तितके भाग पाणी.

बाटली 5 टक्क्यांची आणि हवंय 0.5 : दहा वजा एक, म्हणजे 9 भाग पाणी. 100 मिली ब्लीच, 900 मिली पाणी. हे बुरशी, सांडलेलं रक्त आणि चिवट बीजाणूंसाठी.

बाटली 5 टक्क्यांची आणि हवंय 0.1 : 49 भाग पाणी. 20 मिली ब्लीच, 980 मिली पाणी. आधी धुतलेल्या जागेवर साध्या जिवाणूंसाठी एवढं पुरे.

0.1 टक्का म्हणजेच 1,000 पीपीएम (दहा लाख भागांत 1,000 भाग). एका पुस्तिकेत पीपीएम आणि दुसरीत टक्के पाहून गोंधळलेल्या वाचकांनी टक्क्यांचं दशांश चिन्ह उजवीकडे चार घरं सरकवावं. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर तिच्यात साधारण 30 ते 35 टक्के क्लोरीन असतो. 1 लिटरला 0.5 टक्के, म्हणजे 5 ग्रॅम क्लोरीन हवा, तर 33 टक्क्यांची 15 ग्रॅम पावडर लागेल. ढवळा, गाळ बसू द्या, वरची निवळी वापरा. गाळ फवाऱ्याच्या तोंडात अडकतो.

पाणी थंड घ्या. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, झाकून आणि उजेडापासून दूर ठेवून. बंद बाटलीही उन्हात, गरम खोलीत उतरत जाते. जितकी तीव्र तितकी लवकर. 12 टक्क्यांचा कॅन वर्षभर कोपऱ्यात पडलेला असेल तर त्यावरचा आकडा विसरा. क्लोरीनच्या कागदी पट्ट्या मिळतात. मात्र त्यांची कमाल मर्यादा बघून घ्या. 200 पीपीएमची पट्टी 5,000 पीपीएममध्ये बुडवली तर ती गडद रंग दाखवते, नाहीतर रंग उडून चक्क कोरी दिसते.

आणि स्टीलवर 0.5 टक्के लावून विसरू नका. दहा मिनिटांनी धुतलं नाही तर स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात, आणि मग त्या खड्ड्यांत जंतूंची सोय होते.

प्रश्न : ब्लीचमध्ये थोडं आम्ल टाकलं तर ते जास्त मारक होतं असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर : रसायनशास्त्र बरोबर आहे, करायला मात्र जाऊ नका. पाण्यातला क्लोरीन दोन रूपांत असतो: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. पहिलं कितीतरी पटींनी मारक, कारण त्याच्यावर विद्युतभार नसल्याने ते जंतूच्या पेशीत सहज शिरतं. पीएच 7.5 च्या आसपास दोघं निम्मे-निम्मे असतात. बाटलीतल्या ब्लीचचा पीएच 11 च्या पुढे असल्याने तिथे जवळपास सगळा आयनच. आम्लाने पीएच उतरला की मारकशक्ती वाढते, हे खरं. पण थोडा जास्त उतरला की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच एकत्र ओतल्याने लोक बेशुद्ध पडलेले आहेत. अमोनिया असलेली साफसफाईची द्रावणं, आणि साचलेली लघवीसुद्धा, ब्लीचला मिळाली तर क्लोरामाइन तयार होतं. तेही छातीला तितकंच वाईट. स्पिरिट आणि ब्लीचही एकत्र करू नये. घरासाठी नियम एकच: ब्लीचमध्ये फक्त पाणी.

प्रश्न : फिनाईल, जंतुनाशक वगैरे बाटलीवर सांगितल्याच्या निम्मं वापरून दुप्पट वेळ ठेवलं तर चालेल ना?

उत्तर : काही रसायनांना चालतं, काहींना अजिबात नाही, आणि ते नावावरून ओळखता येत नाही. 1908 मध्ये हॅरिएट चिक आणि वॉटसन या शास्त्रज्ञांनी यामागचा नियम मांडला. प्रत्येक रसायनाला एक ‘तीव्रतेचा घातांक’ असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बेन्झाल्कोनियमसारख्या (फरशीच्या अनेक जंतुनाशकांत हे असतं) रसायनांचा घातांक 1 च्या जवळपास. प्रमाण निम्मं केलं तर वेळ साधारण दुप्पट. काळ्या फिनाईलच्या वर्गातल्या फिनॉलचा घातांक 6 च्या आसपास. प्रमाण निम्मं केलं तर वेळ 2 चा सहावा घात, म्हणजे 64 पट. 10 मिनिटांचं काम साडेदहा तासांवर जातं. अल्कोहोलचा तर 10 च्या घरात. 70 टक्क्यांचं 35 केलं की ते जंतुनाशक म्हणून संपलंच.

म्हणून फिनॉल वर्गातलं काही ‘अंदाजाने बादलीत ओतणं’ हा वास पसरवण्याचा कार्यक्रम होतो. वास येतो म्हणजे जंतू मरतात, हा समज फार जुना आहे. नाक फिनॉलच्या अगदी थोड्या रेणूंनाही ओळखतं. जिवाणूंना त्याने काही होत नाही. जाता जाता: घरात मांजर असेल तर फिनॉलची द्रावणं टाळलेली बरी. मांजराच्या यकृतात ती निकामी करण्याची यंत्रणा कमकुवत असते, आणि मांजर पंजे चाटतं.

प्रश्न : उतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चर, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याच्या) प्रयोगशाळेत दर महिन्याला काही बाटल्यांत तोच दुधाळ जिवाणू येतो. टेबल, हात, चिमटे सगळं 70 टक्के अल्कोहोलने पुसतो, चिमटे ज्योतीवर धरतो. अल्कोहोलची टक्केवारी वाढवून 95 करावी का?

उत्तर : नको, उलट बिघडेल. अल्कोहोल प्रथिनं गोठवून मारतं आणि त्या क्रियेला पाणी लागतं. 95 टक्क्यांचं अल्कोहोल पेशीच्या बाहेरच्या थराला झटकन गोठवतं, आत नीट शिरत नाही, आणि पृष्ठभागावरून लवकर उडूनही जातं. 60 ते 90 टक्क्यांच्या मधलं काम करतं आणि 70 हा सोयीचा आकडा. 96 टक्क्यांचं इथेनॉल 73 मिली घेऊन एकूण 100 मिली होईपर्यंत पाणी घाला.

पण तुमचा प्रश्न टक्केवारीचा नाही. दुधाळ, महिन्यामागून महिना तोच, अल्कोहोलला न जुमानणारा: वर्णनावरून तो बॅसिलस गटातला बीजाणू धरणारा जिवाणू असण्याची शक्यता मोठी. बुरशीचे बीजाणू आणि जिवाणूंचे बीजाणू यांत नावापुरतंच साम्य. बुरशीचे बीजाणू म्हणजे तिची बी. चिवट, पण रसायनाला शरण येणारी. जिवाणूचा अंतर्बीजाणू म्हणजे कवचाखाली कवच असलेली, जवळजवळ कोरडी पडलेली पेशी. अल्कोहोल त्याचं काहीच वाकडं करत नाही. किंबहुना मिश्र नमुन्यातून बीजाणूधारी जिवाणू वेगळे काढायचे असतील तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नमुना मुद्दाम इथेनॉलमध्ये ठेवतात. बाकीचे मरतात, हे उरतात. तुमच्या टेबलावर रोज नकळत हाच प्रयोग चाललाय.

चिमट्यांचंही तसंच. अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरल्यावर जळतं ते अल्कोहोल. धातू बीजाणू मरण्याइतका तापत नाही. काचमण्यांच्या स्टरिलायझरमध्ये 250 अंश सेल्सिअसला उत्पादकाने सांगितलेले सेकंद धरा, किंवा टोक लाल होईपर्यंत तापवून गार होऊ द्या. ज्या भांड्यात चिमटे बुडवता ते अल्कोहोल 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून भरा आणि रोज बदला. बीजाणूंचा साठा बहुधा त्याच भांड्याच्या तळाशी सापडेल.

टेबलासाठी आठवड्यातून एकदा, आणि प्रादुर्भाव असेपर्यंत रोज, बीजाणूनाशक वापरा: 0.5 टक्के हायपोक्लोराइट 10 मिनिटं, किंवा पेरासेटिक आम्लाचं तयार द्रावण लेबलवरच्या वेळेप्रमाणे. त्यानंतर निर्जंतुक पाण्याने पुसा आणि मग अल्कोहोल. जेवढा वेळ द्रावण लावलेलं आहे तेवढा वेळ ज्योत बंद.

रसायन बदलण्याआधी प्रादुर्भाव कुठे दिसतो तेही टिपून ठेवा. माध्यमाच्या (बाटलीतल्या पोषक द्रव्याच्या) पृष्ठभागावर, रोपापासून दूर, इथेतिथे ठिपके: हवा किंवा हाताळणी. एकाच दिवशी केलेल्या सगळ्या बाटल्यांत, रोप न लावलेल्या बाटल्यांतही: ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र). 121 अंश, 15 मिनिटं हा आकडा माध्यम 121 ला पोचल्यानंतरचा आहे. लिटरभर माध्यम एका फ्लास्कमध्ये भरलं तर आतलं माध्यम तापायलाच वेळ जातो, त्यामुळे मुदत वाढवावी लागते. आणि दुधाळ वलय नेमकं रोपाच्या कापलेल्या बुडाशीच येत असेल तर जिवाणू वनस्पतीच्या आत आहे. बाहेरून लावलेलं कुठलंही रसायन तिथवर जात नाही. तो मातृवृक्ष सोडून दुसरा घ्या.

बाटलीत लावायच्या तुकड्यावरचा बाहेरचा मळ आणि जंतू काढायचा क्रम असा: वाहत्या पाण्याखाली 20 ते 30 मिनिटं, 70 टक्के अल्कोहोल 30 सेकंद, 1 टक्का हायपोक्लोराइट 10 ते 15 मिनिटं, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुणं. हायपोक्लोराइटमध्ये 100 मिलीला दोन थेंब ट्वीन-20 (पृष्ठभाग नीट भिजवणारं सौम्य डिटर्जंटसारखं द्रव्य) घाला आणि हलवत राहा. ट्वीन नसेल तर लवेच्या पानावर हवेचे बुडबुडे चिकटून राहतात आणि त्यांच्याखालची जागा कोरडीच राहते. पान द्रावणात चंदेरी दिसलं की समजायचं, अजून भिजलेलं नाही.

प्रश्न : बेन्झाल्कोनियमचं द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवतो. काही दिवसांनी त्यालाच वास येऊ लागला. जंतुनाशकात जंतू वाढतात?

उत्तर : वाढतात. स्यूडोमोनास आणि बुर्खोल्डेरिया हे जिवाणू पातळ बेन्झाल्कोनियममध्ये जगू शकतात. दूषित जंतुनाशकातूनच संसर्ग पसरल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. कारण बहुधा एकच असतं: बाटली रिकामी न करता वरून भर घालणं. तळाशी आणि नळीत चिकट थर बसतो, प्रत्येक भरीबरोबर तो टिकून राहतो आणि सरावतो. बाटली संपली की गरम पाण्याने धुवा, नळी आणि फवाऱ्यातूनही पाणी काढा, पूर्ण वाळवा, मग भरा. बाटलीवर तारीख लिहा.

या वर्गातल्या रसायनांचे आणखी तीन शत्रू आहेत. पहिला साबण. बेन्झाल्कोनियमचा भार धन, साबणाचा ऋण. दोघं एकमेकांना धरतात आणि दोघंही निकामी होतात. साबणाने पुसल्यावर साध्या पाण्याचा हात फिरवल्याशिवाय हे लावू नका. दुसरा कठीण पाणी. तिसरा शत्रू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: सुती फडकं. कापूस हे रसायन ओढून धरतो. फडकं बादलीत भिजत ठेवलं की द्रावणातला निम्म्याहून अधिक भाग कापसातच राहू शकतो. बादलीत बरोबर मोजून घातलं, टेबलावर मात्र भलतंच पातळ पोचलं. मायक्रोफायबरचेही सगळे प्रकार चालत नाहीत. पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड बरं. शंका असेल तर त्या रसायनाची चाचणीपट्टी बादलीत न बुडवता फडकं पिळून निघालेल्या द्रावणात बुडवा.

प्रश्न : लहान रुग्णालयात कॅन्डिडा ऑरिसचा रुग्ण येऊन गेला. नेहमीचं फरशीचं जंतुनाशक पुरेल का?

उत्तर : नेहमीचं जंतुनाशक बेन्झाल्कोनियमसारख्या वर्गातलं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. कॅन्डिडा ऑरिस ही यीस्ट आहे. जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातल्या नमुन्यावरून 2009 मध्ये तिचं पहिल्यांदा वर्णन झालं. कोरड्या पृष्ठभागावर ती दीर्घकाळ तग धरते आणि या वर्गातली कित्येक द्रावणं तिच्यावर कमी पडतात. आधी धुणं, मग क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं, लेबलवर याच यीस्टचा दावा असलेलं द्रावण, आणि लेबलवरचा पूर्ण वेळ. पलंगाचे कठडे, बेलचं बटण, रक्तदाबाचा पट्टा, तापमापक. फरशी शेवटी.

प्रश्न : बागेतली कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना कशाने पुसावी? ब्लीचने कात्री गंजली.

उत्तर : गंजणारच. 70 टक्के अल्कोहोल घ्या. धुवावं लागत नाही आणि धारही राहते. पण पात्यावरचा चीक आधी काढा. वाळलेल्या चिकाखाली जिवाणू सुरक्षित असतात आणि अल्कोहोल तो चीक उलट पक्का करतं. खरखरीत फडक्याने किंवा तारेच्या ब्रशने पातं साफ करा, दोन्ही पाती उघडी धरून अल्कोहोलमध्ये बुडवा, निदान अर्धा मिनिट ठेवा. दोन कात्र्या ठेवल्या तर एक बुडलेली असताना दुसरीने काम चालतं. घाईत ‘बुडवली-काढली’ होत नाही. फ्युजेरियमसारख्या बुरशीचे जाड भिंतीचे विश्रांती-बीजाणू मुळाच्या मातीत असतात, आणि तिथे अल्कोहोलचा अर्धा मिनिट पुरेसा नाही. मुळं कापण्याचं हत्यार वेगळं ठेवा, ते साबणाने धुऊन उकळत्या पाण्यात घाला, मग पुसून तेल लावा. जुन्या कुंड्या घासून, 0.5 टक्के हायपोक्लोराइटमध्ये 10 मिनिटं बुडवून, धुऊन उन्हात वाळवा. मातीच्या कुंड्या आधी साध्या पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे त्या क्लोरीन पिऊन बसत नाहीत.

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळलं म्हणजे जंतू मेले, असं समजावं का?

उत्तर : नाही. फेस येतो तो कॅटालेज नावाच्या विकरामुळे, जे पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. रक्तात ते भरपूर असतं आणि स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूंतही. जिथे फेस जास्त, तिथे रसायन वाया जाण्याचा वेगही जास्त. स्वच्छ, कठीण पृष्ठभागावर 3 टक्के द्रावण निदान 10 मिनिटं ओलं ठेवा. बुरशीसाठी त्याहून जास्त. बाटली मूळच्या गडद रंगाचीच हवी.

प्रश्न : बुरशीसाठी व्हिनेगर?

उत्तर : 4-5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल काही बुरशींना रोखतं, काहींना नाही. खिडकीच्या काचेपुरतं ठीक. ब्लीचच्या आधी किंवा नंतर, धुतल्याशिवाय, मुळीच नको.

प्रश्न : खोलीत यंत्राने जंतुनाशकाचं धुकं सोडलं तर पुसायची गरज उरत नाही, असं विक्रेता म्हणतो.

उत्तर : धुक्याचे थेंब वरून खाली बसतात. टेबलाच्या वरच्या बाजूला रसायन पोचतं. खालच्या बाजूला, ड्रॉवरच्या खाचेत आणि दाराच्या मुठीमागे फारच कमी. धुळीवर बसलं तर धुळीतच संपतं. विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: एक घनमीटरला किती मिली, आणि किती मिनिटांनी खोली उघडायची. मग टेबलाच्या खालच्या बाजूला त्या रसायनाची चाचणीपट्टी चिकटवून यंत्र चालवायला सांगा. पट्टीचा रंग बदलला नाही, तर बादली आणि फडकं तयार ठेवा.